पाठ केलेला होकार

पुस्तक वाचताना डोळे मिटता येत नाहीत, तेव्हा उघड्या डोळ्यांनीच समजा. समजा, तुमचं वय नऊ-दहा वर्षांचं आहे आणि तुम्ही दवाखान्यातल्या लोखंडी खाटेवर बसला आहात. गुडघे ठणकताहेत. सकाळपासून तुमच्याभोवती नुसती धावपळ चालली आहे. तुम्हाला आधी एका कुशीवर आणि मग दुसऱ्या कुशीवर लोटून खालची चादर बदलली. तेल लावून दोन वेण्या घातल्या, त्याही इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्या गेल्यात. खिडकीच्या गजांवरची धूळ कुणीतरी तुमच्याच डोक्यावर झटकली. आणि आता सिस्टर टाळी वाजवून म्हणताहेत, "चला, पुन्हा एकदा! सगळ्यांनी मिळून!" पाहुणे आले की काही वाक्यं म्हणायची आहेत. ती चुकता कामा नयेत.

चुकलं तर काय होईल, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. पण तुम्हाला ते माहीत आहे.

सुलेखा वलथरे त्या दिवशी अशीच बसली होती. आणि ज्या पाहुण्यांसाठी हे सगळं चाललं होतं, त्यांच्यातली एक मी होते.

मी तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. वैनगंगेकाठच्या आमच्या गावात एक मोठं धर्मादाय रुग्णालय होतं. तिथले लहान मुलांचे डॉक्टर, हेमंत पालांदूरकर, एकदा घरी आले आणि म्हणाले, "लांजेवार बाई, आमच्या नीतिमत्ता समितीत या."

"मी? मला सुई पाहून घाम फुटतो."

"म्हणूनच या. डॉक्टर नाही, वकील नाही, असं एक साधं माणूस समितीत असावंच लागतं."

"म्हणजे मी साधी?"

"तसं नाही हो बाई..." म्हणता म्हणता बिचारे चहाचा कप बशीबाहेर ठेवून बसले.

ही समिती कशासाठी असते, तेही सांगते. नवं औषध निघालं की ते माणसांवर तपासून बघावं लागतं. पण डॉक्टरांच्या मनात आलं आणि त्यांनी सुरू केलं, असं चालत नाही. आधी समितीला विचारायचं. औषधात धोका किती, फायदा किती, असं बरंच काही समिती बघते. त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून जायचं. मला नीट कळलेली गोष्ट एकच. ज्याच्यावर औषध तपासणार, त्याला सगळं समजावून सांगायचं आणि त्याने आपण होऊन 'हो' म्हटलं पाहिजे. तो लहान असेल तर आईबापांना विचारायचं, आणि त्यालाही विचारायचं.

तर पालांदूरकरांच्या वॉर्डात मुलांवर एक औषध तपासायचं होतं. समितीने कागदावर परवानगी दिली होती. औषध घेऊन मुंबईची मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. त्याआधी मुलांना कसं विचारलं आहे ते प्रत्यक्ष बघून या, असं ठरलं आणि मला व समितीतल्या निखाडे वकिलांना पाठवलं.

वॉर्डाच्या दारात रांगोळी काढलेली होती. फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं, 'नीतिमत्ता समितीचे हार्दिक स्वागत'. कुंभलकर सिस्टर झेंडूची फुलं घेऊन उभ्या होत्या. वॉर्डाच्या त्या प्रमुख. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि त्या चालल्या की तो वाजायचा.

"या मॅडम, या साहेब. आधी स्टोअर बघता का संडास-बाथरूम?"

"संडास कशाला?" निखाडे म्हणाले.

"झकास धुऊन ठेवले आहेत. फिनाईल कालच आलं."

"सिस्टर, आम्ही तपासणीला आलेलो नाही," मी म्हटलं.

"हाव जी, सगळे असंच म्हणतात," त्या समजूतदारपणे हसल्या.

त्यांच्या मागे एक तरुण नर्स उभी होती. तिने हळूच विचारलं, "मॅडम, कोणाची तक्रार आली का? नीतिमत्ता म्हणतात ना, म्हणून विचारलं. मागे आमच्या एका ड्रायव्हरचं काहीतरी—"

सिस्टरांनी तिला कोपराने ढोसलं.

"कुणाच्या चारित्र्याचं काही नाही," मी म्हटलं. "मुलांना औषधाबद्दल विचारायचं आहे, एवढंच."

"मग बरं," ती नर्स म्हणाली आणि तिचे खांदे एकदम खाली आले.

पालांदूरकर लगबगीने आले. पेनचं टोपण काढत होते, लावत होते, पुन्हा काढत होते. वॉर्डातला पंखा दर फेरीला खट्ट वाजत होता. आम्हाला टेबलामागे खुर्च्या दिल्या, समोसे ठेवले. मी बसले आणि लगेच उठले. का, ते मला सांगता येत नव्हतं. एवढ्या स्वच्छ चादरी आणि एवढ्या तेल लावलेल्या वेण्या मी कुठे पाहिल्या होत्या, ते आठवत होतं आणि आठवत नव्हतं.

"सुरू करू?" सिस्टरांनी विचारलं आणि बोट वर केलं. खाटांवरच्या सगळ्या मुलांनी ताठ बसून एका सुरात, पाढे म्हणावेत तसं म्हटलं, "मला या अभ्यासाची संपूर्ण माहिती मिळाली आहे. मी माझ्या मर्जीने सहभागी होत आहे. नाही म्हटले तरी माझे उपचार थांबणार नाहीत."

शेवटच्या खाटेवरची चिमुरडी थांबलीच नाही. तिने पुढे ठणकावून म्हटलं, "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते. जय हिंद!"

"वा!" निखाडे वकील खदखदून हसले. "माझे साक्षीदार इतकं पाठ करून आले असते तर मी एकही खटला हरलो नसतो!" आणि हसता हसता मध्येच थांबले. माझ्याकडे बघायला लागले.

मला आता आठवलं होतं. साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर आमच्या शाळेचा पहिला तास असाच दिसायचा.

दाराजवळच्या खाटेवरची मुलगी जागच्या जागी चुळबुळत होती. पाय लांब करायची, जवळ घ्यायची, पुन्हा लांब करायची. उशाशी नाव होतं, सुलेखा देवाजी वलथरे. मी तिच्याजवळ गेले.

"सुलेखा, मर्जी म्हणजे काय गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मी वळले. कुंभलकर सिस्टर ओठ हलवून उत्तर सांगत होत्या. मी पाहते आहे म्हटल्यावर त्यांनी खोकल्यासारखं केलं.

"डॉक्टर, हिला मी जरा बाहेर नेऊ का?"

पालांदूरकरांनी टोपण लावलं. "न्या ना. पण बाई, घाबरवू नका हं तिला. ही सगळ्यांत मोठी आहे, बाकीची तिचंच बघून करतात."

"चल," मी तिला म्हटलं. "बसून गुडघे जास्त दुखतात ना?"

"हाव," ती म्हणाली. त्या वॉर्डात मी ऐकलेलं हे पहिलं न घोकलेलं उत्तर.

व्हरांड्यात तिचे वडील भिंतीला टेकून मासे धरायचं जाळं दुरुस्त करत होते. तलावावरचं काम सोडून पोरीपाशी आलेला माणूस. हात रिकामे ठेवणं जमत नसावं. आम्हाला बघून लगबगीने उठले.

"नमस्कार जी बाई. चुकली का पोरगी?"

"नाही हो."

"चुकली असन तं सांगा. मी घोकून घेतो तिच्याकडून."

"काही चुकलं नाही, देवाजी. बसा तुम्ही."

ते बसले, पण पुढची गाठ काही मारेनात.

आम्ही कठड्याला धरून हळूहळू टोकापर्यंत गेलो. तिथे दोन पायऱ्या होत्या.

"हे बघ," मी म्हटलं, "मला तुझ्या या औषधाचं काहीच कळलेलं नाही. तू बाई हो. मी वर्गात बसते."

"तुम्ही तं खऱ्याच बाई आहात ना?"

"आज नाही."

तिने थोडा विचार केला. "मंग खाली बसा."

मी पायरीवर बसले.

"हाताची घडी, तोंडावर बोट."

"तोंडावर बोट ठेवल्यावर प्रश्न कसे विचारू?"

"प्रश्न मी विचारीन. तुम्ही पोट्टी आहात."

मी तोंडावर बोट ठेवलं. आणि दुखरे गुडघे सांभाळत, एक हात कठड्यावर ठेवून सुलेखाबाईंनी शिकवायला सुरुवात केली.

"रक्तात गोल गोल गोळ्या राहतात. बारीक. दिसत नाहीत. माझ्या गोळ्या वाकतात, विळ्यावानी. मंग नळीत अडकतात. अडकल्या का हाड दुखते. याले सिकलसेल म्हणतात. समजलं?"

मी मान हलवली.

"आता एक नवीन औषध आलं. थे पिलं का गोळ्या वाकत नाहीत, असं वाटते. वाटते, हां! पक्कं नाही. पक्कं राहतं तं तपासलं कायले असतं? अर्ध्या पोरांले खरं औषध देतात, अर्ध्यांले तसंच दिसणारं गोड पाणी. कोणाले काय भेटलं, थे डाक्टरलेबी माहीत नाही. दर आठवड्याले रक्त काढतात. वर्षभर. उलटी होऊ शकते. डोकं दुखू शकते. संपलं."

मी थक्क झाले होते. पालांदूरकरांनी मुलांना किती नीट शिकवलं होतं! समितीतल्या दोन सभासदांना मी हेच विचारलं असतं तर इतकं सरळ उत्तर मिळालं नसतं.

"शाब्बास!" मी म्हटलं.

"शाब्बास मी म्हणन. तुम्ही नाही."

"बरं. बाई, एक शंका." मी हात वर केला.

"विचारा."

"मला नकोच असेल तर? मी नाही म्हटलं तर?"

तिचा आवाज लगेच बदलला. पाढ्याचा झाला. "नाही म्हटले तरी माझे उपचार थांबणार नाहीत."

"ते पाठ आहे मला. पण बाई, खरं काय होतं?"

तिने वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. वडिलांकडे पाहिलं. मग ती माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसली आणि बाई राहिली नाही.

"खाट जाते," ती म्हणाली.

"कोण म्हणालं असं?"

"कोनी नाही. मी पाहिलं. माझ्या बाजूले ममता होती. थे सुईले नाही म्हणे. हात ओढून घे. सिस्टर म्हणाल्या, नाही घ्यायची तं जा घरी, खाट खाली कर. सकाळी उठून पाहतो तं खाट खाली. गादी उलटी करून ठेवली होती."

"कधी?"

"धान रोवायच्या दिवसांत."

म्हणजे पावसाळ्यापासून ही पोर ती उलटी गादी डोळ्यांपुढे ठेवून झोपत होती.

"सुलेखा, आणि हे औषध? ते तुला घ्यावंसं वाटतं का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला चंद्रावर जायचं का म्हणून विचारलं होतं. "थे मले माहीत नाही जी. त्याचा इचारच नाही केला."

"हे बघ, तू नाही म्हणालीस तरी तुझी खाट जाणार नाही. मी सांगते."

"हाव जी," ती म्हणाली. अगदी नम्रपणे, मघाच्याच पाढ्याच्या सुरात. तिने माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. तिने तरी का ठेवावा? तिने डोळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि माझ्याकडे नुसते शब्द होते.

तिला खाटेवर सोडून मी बाहेर आले. पालांदूरकर व्हरांड्यात येरझारा घालत होते. मी सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकताही चालतच होते, त्यामुळे मलाही बरोबर चालावं लागत होतं.

"पण तिला समजलं आहे ना?" ते म्हणाले. "तुम्हीच सांगताय, तिने सगळं बरोबर सांगितलं!"

"समजलं आहे. पण ती हो म्हणालेली नाही."

"बाई, आपल्या भागात घराघरात हा आजार आहे. आणि औषधं? ती दुसरीकडे, दुसऱ्याच मुलांवर तपासून येतात. आपल्या मुलांना लागू पडतील की नाही, कुणी बघत नाही. हे लोक आपल्याकडे यावेत म्हणून मी किती उंबरठे झिजवले आहेत! उद्या मुलं तयार नसली तर ते सरळ दुसऱ्या शहरात जातील. मग काय सांगू मी या पोरांना? एका मुलीला भीती वाटली म्हणून औषध गेलं?"

"एकीलाच वाटते आहे का, ते कुठे विचारलंय आपण?"

ते थांबले. मग मोठ्याने हाक मारली, "सिस्टर!"

किल्ल्या वाजवत कुंभलकर सिस्टर आल्या. ममताचं नाव काढताच त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगोबाई! ममता बरी होऊन घरी गेली हो! मामा आला होता न्यायला. पोरं झोपेत होती तेव्हाच गेले ते, पहिल्या एसटीनं."

"मुलांना सांगितलं होतं का?" मी विचारलं.

"सांगायचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "'खाट खाली कर' हे तर मी रोजच म्हणते, मॅडम. दूध नाही पिलं तरी म्हणते. घरी नवऱ्यालाही म्हणते. कोण ऐकते हो माझं?"

"मुलं ऐकतात," मी म्हटलं.

सिस्टरांनी किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरला, वाजू नये म्हणून.

तेवढ्यात देवाजी उठून आले. हातातलं जाळं तसंच होतं.

"डाक्टरसाहेब, एक बोलू का? राग नका मानू."

"बोला ना, दादा."

"मीबी त्याच्यानंच अंगठा देल्ला."

"कशामुळे?"

"खाटेच्याच भेवानं."

पालांदूरकरांचा चेहरा उतरला. "देवाजी, मी स्वतः तुमच्याजवळ बसून सांगितलं होतं. नाही म्हणालात तरी काही बदलणार नाही, असं दोनदा सांगितलं."

"सांगतलं जी. लई चांगलं सांगतलं. पण खरं का खोटं थे मी नाही म्हणून पाहिल्याशिवाय कसं समजन? अन् पाहू कसा? पोरगी माही आहे. दुसऱ्याची राहती तं पाहिलं असतं एकदा नाही म्हणून."

निखाडे वकील कधीतरी बाहेर येऊन उभे राहिले होते. ते घसा साफ करून म्हणाले, "पालांदूरकर, कायद्याने पाहिलं तर या संमत्या—"

"कायद्याचं राहू द्या हो," डॉक्टर म्हणाले. ते त्याच पायरीवर मटकन बसले. टोपण काढलं, लावलं. मग पेन खिशात ठेवलं आणि मुंबईला फोन लावला.

पलीकडचा आवाज आम्हाला ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. इकडून डॉक्टर म्हणत होते, "उद्या नका येऊ... मुलं आहेत, सगळी आहेत. पण मी त्यांना अजून विचारलेलं नाही... हो, विचारलं होतं. नाही, विचारलं नव्हतं... तसं नाही समजावून सांगता येणार फोनवर... थांबता येत नसेल तर तुम्ही ठरवा. मी खोटा होकार नाही देऊ शकत."

पलीकडचा आवाज चढला आणि मग तुटला. थांबतील की जातील, त्यांनी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर उठून वॉर्डात गेले. आम्ही सगळे मागोमाग.

कुंभलकर सिस्टरांनी सगळ्या मुलांना ममताची गोष्ट सांगितली. मामा आला होता, ममता हसत गेली, जाताना लाल फ्रॉक घातला होता. स्वतःवर चिडून, नाक ओढत त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "समजलं ना?"

"हो सिस्टर!" सगळी मुलं एका सुरात म्हणाली.

सिस्टर स्टुलावर बसल्या. "बघा," त्या मला म्हणाल्या, "पुन्हा तेच."

मग पालांदूरकर सुलेखाच्या खाटेपाशी गेले आणि उकिडवे बसले, तिची आणि त्यांची नजर एका पातळीवर येईल असे.

"सुलेखा, या नव्या औषधासाठी मला तू हवी आहेस. येशील?"

तिने सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी चक्क भिंतीकडे तोंड केलं. तिने वडिलांकडे पाहिलं. देवाजी आपल्या पायांकडे बघत होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीतून बाहेर बघायला लागले. शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण एका मुलाकडे न बघणं मला त्या दिवशी जितकं जड गेलं तितकं कधी गेलं नव्हतं.

"नाही," सुलेखा म्हणाली.

कुठूनतरी श्वास आत ओढल्याचा आवाज आला. बाकीच्या खाटांवरची सगळी चुळबुळ थांबली.

"बरं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी तिची नाडी बघितली, जीभ दाखवायला सांगितली, गुडघा हलकेच दाबून पाहिला. "सूज कमी आहे. नेहमीची गोळी घ्यायची, आणि पाणी भरपूर प्यायचं." आणि ते पुढच्या खाटेकडे वळले.

सुलेखाने दोन्ही हातांनी खाटेच्या कडा धरल्या.

निखाडे वकील घरी गेले. मी जाऊ शकले नाही. वॉर्डात बसायला जागा होती, पण मी इकडून तिकडे फिरत राहिले. दुपारचं जेवण आलं तेव्हा सुलेखा एका हाताने जेवली, दुसरा हात खाटेच्या कडेवरच होता. झाडणाऱ्या मावशी तिच्या खाटेखाली झाडू घालू लागल्या तशी ती गादीच्या मधोमध सरकली. ढकलगाडी दारातून आत आली की तिची मान ताठ व्हायची. गाडी पुढे गेली की ती पुन्हा थोडीशी सैल व्हायची. देवाजी दारात उभे राहून तिच्याकडे बघत होते. जवळ गेले नाहीत.

उन्हं उतरता उतरता एक बाई कण्हणारं मूल खांद्यावर घेऊन धावत आत आली. सिस्टर उठल्या. वॉर्ड भरलेला होता. सिस्टरांनी मुलाच्या अंगाला हात लावला, आणि मग त्यांची नजर एकेका खाटेवरून फिरायला लागली. पहिली, दुसरी, तिसरी.

सुलेखाच्या बोटांची पेरं पांढरी झाली. ती रडली नाही. नुसती सिस्टरांच्या डोळ्यांकडे बघत होती. आणि मी पाहिलं, फक्त तीच नव्हे, वॉर्डातलं प्रत्येक मूल बघत होतं.

सिस्टरांची नजर सुलेखावर आली. क्षणभर थांबली. आपण काय शोधतो आहोत ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या एकदम वळल्या आणि ओरडल्या, "अरे, स्टोअरमधली घडीची खाट आणा रे! लवकर! माझं टेबल सरकवा तिकडे!"

समोशांचं, फुलांचं, पाहुण्यांचं ते टेबल भिंतीला सरकवलं गेलं. घडीची खाट आली, तिच्यावर चादर पडली, त्या नव्या मुलाला सलाइन लागलं. पालांदूरकर धावत आले आणि त्याच्यावर वाकले.

या सगळ्या गडबडीत सुलेखाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, माझ्याखेरीज.

तिने एक हात सोडला. मग दुसरा. बोटं उघडली, मिटली. मग ती खाली उतरली आणि खाटेला पाठ करून, पाय ओढत दारापर्यंत गेली. तिथून झटकन वळून पाहिलं. खाट होती. ती पुढे व्हरांड्यात गेली. खाट दिसणार नाही इतकी पुढे. तिथे वडील काहीतरी बोलले, तिने बोटाने गप्प केलं. थोडा वेळ थांबली. परत दारात येऊन पाहिलं. खाट होती. उशीला पडलेला खड्डासुद्धा तसाच होता.

मग ती वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला, पालांदूरकर त्या नव्या मुलापाशी उभे होते तिथे गेली. मूल आता शांत झालं होतं. तिने मागून डॉक्टरांच्या कोटाला हिसका दिला.

"डाक्टर, थे पुन्हा विचारा ना."

"काय गं?"

"तेच. येशील का म्हणून."

डॉक्टर हात पुसत वळले. दिवसभराने दमले होते. तरी पुन्हा तसेच उकिडवे बसले आणि म्हणाले, "सुलेखा, या नव्या औषधासाठी मला तू हवी आहेस. येशील?"

या वेळी तिने कुणाकडेच पाहिलं नाही. कपाळाला आठ्या घालून, तोंडावर एक बोट ठेवून बराच वेळ उभी राहिली. डॉक्टरांचे पाय अवघडले तरी ते उठले नाहीत.

"इचार करून सांगीन," ती म्हणाली, आणि सावकाश आपल्या खाटेकडे चालू लागली.